फाटक्या आवाजाची तयारी: कंट्री संगीतात गळा लागतो का?

१९७७ साली सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. त्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. आपल्याकडे हे अभिमानाने सांगितलं जातं आणि ते सांगावंच. पण केसरबाई संपल्या की लगेच पुढे काय वाजतं, हे फारसं कुणी सांगत नाही. पुढे येतो टेक्सासचा ब्लाइंड विली जॉन्सन, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून देवाची गाणी गाणारा अंध कृष्णवर्णीय गायक. डिसेंबर १९२७ मध्ये डॅलसला ध्वनिमुद्रित झालेल्या त्या सव्वातीन मिनिटांत एकही शब्द नाही. गिटारच्या तारेवरून घसरत जाणारे सूर आणि त्यांच्या मागोमाग हुंकार, कण्हणं, एखादा दबलेला 'आह'. बस.

एकीकडे गोव्यातल्या केरी गावातून निघून अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीत घडलेला, तिन्ही सप्तकांत सारखाच भरीव राहणारा गळा. त्याला लागूनच हा खरखरीत हुंकार. तबकडीसाठी संगीत निवडणाऱ्यांनी दोघांना एका पंक्तीत बसवलं. कंट्री आणि रूट्स संगीताबद्दल नेहमी विचारला जाणारा प्रश्न मला या शेजारातच दिसतो. या संगीतात गळ्याची तयारी लागते का, की मनापासून गायलं म्हणजे झालं?

आधी शब्दांचा गुंता सोडवू. 'रूट्स म्युझिक' ही एक मोठी छत्री आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांतली, डोंगरातली, चर्चमधली, शेतात राबणाऱ्यांची गाणी तिच्याखाली येतात. स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेली कथागीतं, गुलामगिरीतून आलेल्या कृष्णवर्णीयांचं ब्लूज (सुखदुःखाची गाणी) आणि गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं), फिडल म्हणजे व्हायोलिन आणि बँजोच्या धुना, हे सगळं त्यात आलं. १९२० च्या दशकात तबकड्यांच्या कंपन्या आणि रेडिओ या गाण्यांपर्यंत पोचले आणि त्यातून जे विकाऊ संगीत घडलं, ते पुढे 'कंट्री' झालं. कंपन्यांनी गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या तबकड्यांच्या याद्या वेगळ्या ठेवल्या होत्या. माणसं मात्र एकमेकांकडून शिकतच होती. कंट्रीचा सगळ्यांत मोठा मानला जाणारा गायक हँक विल्यम्स लहानपणी अलाबामात रूफस पेन नावाच्या कृष्णवर्णीय रस्तागायकाकडून शिकला.

मी लहानपणी काही वर्षं शास्त्रीय गाणं शिकले. आमच्या बाईंचा कटाक्ष एकाच गोष्टीवर असे: आवाज वर जाताना जिथे 'तुटतो', तो सांधा ऐकू येता कामा नये. त्यामुळे पहिल्यांदा कंट्री ऐकलं तेव्हा माझ्या कानाने ते नाकारलं. सांधा नुसता ऐकू येत नव्हता, गायक तो मुद्दाम दाखवत होता. हे का, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

'तयारी' हा शब्द आपण उच्चारतो तेव्हा डोळ्यांसमोर ठरावीक गोष्टी येतात: दमसास, फिरत, पल्ला, सुराचा नेमकेपणा, सगळ्या पट्ट्यांत एकसारखा आवाज. पाश्चात्त्य ऑपेराच्या गायकालाही याच गोष्टी लागतात. पण त्या का लागतात? ऑपेराच्या गायकाला मायक्रोफोन नसतो. समोर पन्नास-साठ वाद्यांचा ताफा असतो आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जायचं असतं. म्हणून तो गळ्याची पोकळी अशी घडवतो की साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला जास्तीची धार येते. ऑर्केस्ट्राचा आवाज तिथे त्या मानाने दुबळा असतो, त्यामुळे गायकाचा आवाज त्यातून आरपार निघतो. सुरावर सेकंदाला पाच-सात वेळा होणारं हलकं कंपन असतं, त्याला व्हायब्रेटो म्हणतात. आवाज गोलाकार राहावा म्हणून स्वरांचे उच्चार थोडे बदलले जातात आणि त्यात शब्द थोडे पुसट झाले तरी चालतं. थोडक्यात, हे तंत्र एका विशिष्ट अडचणीवर माणसाने काढलेला सुंदर उपाय आहे.

कंट्रीपुढे ही अडचण नव्हतीच. १९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रण विजेवर आलं आणि भोंग्यात ओरडण्याऐवजी मायक्रोफोनसमोर गाता येऊ लागलं. त्याच वर्षी, पुढे कंट्रीचं माहेरघर झालेल्या नॅशव्हिल शहरातल्या 'डब्ल्यूएसएम' रेडिओने शनिवार रात्रीचा जो कार्यक्रम सुरू केला, तो पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' म्हणून देशभर गाजला. हे गाणं ऐकणारा माणूस शेवटच्या रांगेत बसलेला नव्हता. तो घरात, रेडिओशेजारी, दिवसभराचं काम आटोपून बसलेला होता. त्याच्यापर्यंत आवाज पोचवायचं काम यंत्राने केलं होतं. गायकाचं काम उरलं ते शब्द पोचवण्याचं, आणि ते खरे वाटतील असे पोचवण्याचं. कंट्रीचं गाणं बहुतेक वेळा गोष्ट असतं: सुटलेली गाडी, मोडलेला संसार, तुरुंग, आईची कबर. गोष्टीतला एक शब्द निसटला तर गोष्टच निसटते.

नॅशव्हिलच्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठात संशोधकांनी हे मोजून पाहिलं. थॉमस क्लीव्हलंड आणि स्वीडनचे आवाजशास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांच्या गटाने व्यावसायिक कंट्री गायकांचं बोलणं आणि गाणं शेजारी ठेवून तपासलं. २००१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की या गायकांचं गाणं त्यांच्या बोलण्याच्या अगदी जवळ असतं, आणि ऑपेरावाल्यांची ती ३००० हर्ट्झजवळची खास धार त्यांच्या आवाजात नसते. म्हणजे हा माणूस गाताना 'गाण्याचा आवाज' वेगळा काढत नाही. ज्या आवाजात तो मीठ मागतो, त्याच आवाजात गातो.

हे सोपं वाटतं ना? करून पाहा. एखादं भावगीत बोलण्याच्या आवाजात, बोलण्याच्या वजनाने म्हणायचा प्रयत्न करा, पण सूर आणि लय अजिबात न सोडता. दुसऱ्या ओळीलाच लक्षात येतं की एकतर आपण 'गाऊ' लागतो, नाहीतर सूर सोडून नुसते बोलू लागतो. त्या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या पायवाटेवरून तीन मिनिटं चालणं ही तयारीच आहे. आपल्याकडे तिला वेगळं नाव नाही, एवढंच.

आता गेंगाणेपणाबद्दल. कंट्रीचा आवाज नाकातून येतो असं सगळेच म्हणतात. नाक चिमटीत धरा आणि लहान मूल वेडावून दाखवतं तसा चिरका, धारदार 'आ' काढा. आवाज फारसा बदलत नसेल, तर तो नाकातून येतच नाहीये. स्वरयंत्राच्या किंचित वरचा मार्ग आवळला की आवाजाला पत्र्यासारखी चकाकी येते. याला तिकडे 'ट्वँग' म्हणतात. त्यामुळे फार जोर न लावता आवाज दूर जातो आणि शब्द कापल्यासारखे स्वच्छ ऐकू येतात.

सारा कार्टरचा आवाज या सगळ्याचा नमुना आहे. १ ऑगस्ट १९२७ रोजी ब्रिस्टल गावात कार्टर कुटुंबाचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. या गावाच्या मुख्य रस्त्याची एक बाजू टेनेसी राज्यात, दुसरी व्हर्जिनियात. व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पीअरने टोप्यांच्या एका कंपनीच्या इमारतीत तात्पुरता स्टुडिओ उभारला होता. डोंगरातल्या वाडीतून ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि तिची मावसबहीण मेबेल मोटारीने आले. मेबेलला आठवा महिना होता. साराचा आवाज बाईच्या मानाने खालचा. व्हायब्रेटो जवळजवळ नाहीच. सूर लावला की सोडेपर्यंत तो हलत नाही, नटवला जात नाही, आणि ओळ संपली की ती सूर कुरवाळत बसत नाही, सोडून देते. साराचा आवाज ऐकल्याबरोबर आपला निर्णय झाला होता, असं पीअरने पुढे सांगितलं.

या लोकांना 'अशिक्षित गळ्याचे' म्हणणं मला अजिबात पटत नाही. ए. पी. कार्टरचे मामा गावोगावी गाण्याचे वर्ग चालवत. दक्षिणेत अशा वर्गांची जुनी परंपरा होती. त्यांतल्या स्वरलिपीत प्रत्येक स्वराला आकार असतो: त्रिकोण म्हणजे फा, वर्तुळ म्हणजे सोल, चौकोन म्हणजे ला, हिऱ्याचा आकार म्हणजे मी. या पद्धतीचं 'द सेक्रेड हार्प' हे भजनांचं पुस्तक १८४४ साली आलं आणि त्यातली गाणी लोक आजही चौकोनात समोरासमोर बसून खड्या आवाजात गातात. श्रोते वेगळे नसतातच, जमलेले सगळे गातात. केंटकी-व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या काही जुन्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये आणखी वेगळी रीत. वाद्य नाही. एकजण ओळ म्हणतो आणि मागून सगळी सभा तीच ओळ अतिशय संथ, प्रत्येक अक्षराला कण आणि हेलकावे देत ओढते. तिथे बसलेलं पोर वर्षानुवर्षं दर रविवारी काय ऐकत असतं? तालीमच.

गायक राल्फ स्टॅन्ली अशाच चर्चच्या वातावरणातून आला. २००० साली एका चित्रपटासाठी त्याने मृत्यूला उद्देशून असलेलं एक जुनं गाणं गायलं, एकाही वाद्याशिवाय. आवाज पातळ झालेला, कडांना चिरा पडलेला. २००२ साली त्याला कंट्रीतल्या सर्वोत्कृष्ट पुरुष गायनाचं ग्रॅमी मिळालं तेव्हा त्याची पंचाहत्तरी नुकतीच झाली होती. ते गाणं मी हेडफोन लावून ऐकते तेव्हा माझं लक्ष दोन ओळींमधल्या जागेकडे जातं. ठेका धरायला काही नाही, मागे तंबोऱ्यासारखा आधार नाही, तरी सूर जागचा हलत नाही आणि शांतता बरोबर हवी तेवढीच टिकते. हा अपघात नाही. साठ वर्षं गाऊन झालेल्या माणसाचा तो हिशेब आहे.

आता त्या सांध्याकडे येते. आपल्या सगळ्यांना दोन आवाज असतात: छातीतून येणारा भरीव, आणि वर गेल्यावर लागणारा बारीक, पोकळ. एकातून दुसऱ्यात जाताना स्वरतंतूंची थरथरण्याची पद्धत बदलते आणि तिथे आवाज उडी मारतो. वयात येणाऱ्या मुलांचा आवाज फुटतो तेव्हा ती उडी त्यांच्या ताब्यात नसते. शास्त्रीय तालीम, आपली असो की युरोपची, ती उडी बुजवायला शिकवते. कंट्रीने त्या उडीलाच अलंकार केलं. सलग उड्या मारल्या की ते योडल. रेल्वेत ब्रेकमनचं काम केलेला जिमी रॉजर्स ब्रिस्टललाच, कार्टर कुटुंबानंतर तीन दिवसांनी पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाला आणि त्याच्या 'ब्लू योडल' गाण्यांनी ही रीत घरोघरी नेली. क्षयाने पोखरलेल्या रॉजर्ससाठी १९३३ च्या त्याच्या शेवटच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत खाट टाकली होती. दोन गाण्यांच्या मध्ये तो तिच्यावर पडायचा. त्यानंतर काही दिवसांतच तो गेला.

हँक विल्यम्सने तीच उडी लहान केली. सगळं योडल न करता एखाद्याच शब्दाच्या मधोमध आवाज दुमडायचा, हुंदका आल्यासारखा. १९४९ च्या त्याच्या ध्वनिमुद्रणांत नीट लक्ष दिलंत तर दिसेल की हा हुंदका कधीही वाट्टेल तिथे येत नाही. तो लयीत येतो, दुमडल्यानंतर लागणारा वरचा सूर शुद्ध असतो, आणि पुढच्या अक्षराला आवाज परत छातीत बसलेला असतो. ज्याचा आवाज खरोखर रडण्याने फुटलाय त्याला हे जमणार नाही. रडणाऱ्याला सूर सापडत नाही. हँक दुःखी होता, यात शंका नाही. १ जानेवारी १९५३ ला वयाच्या २९ व्या वर्षी तो मोटारीच्या मागच्या सीटवर मृतावस्थेत सापडला. पण गाताना तो रडत नव्हता. तो गात होता.

हाच धागा धरून ब्लाइंड विली जॉन्सनकडे परत जाता येतं. १९२७ ते १९३० या काळात त्याची तीस गाणी मुद्रित झाली. बहुतेकांत तो छाती खरवडून काढल्यासारख्या, गुरगुरणाऱ्या खर्जात गातो. काहींत मात्र साधा, मोकळा, वरच्या पट्टीतला आवाज लागतो. तोच माणूस, तोच काळ. म्हणजे ती खरखर त्याच्या गळ्याचा दोष नव्हती. ती त्याने निवडलेली होती, रस्त्यावरच्या गोंगाटात उपदेशकाचा अधिकार यावा म्हणून. आणि ती मोडू न देता वापरायला गळ्यावर ताबा लागतो. नुसतं ओरडून आवाज खरखरीत करणाऱ्याचा गळा दोन कार्यक्रमांत बसतो.

मग ज्यांना खरंच मर्यादित गळा होता त्यांचं काय? अर्नेस्ट टब जिमी रॉजर्सचा भक्त. त्याच्यासारखं योडल करायचं हेच त्याचं स्वप्न. १९३९ साली टॉन्सिलचं ऑपरेशन झालं आणि योडल कायमचं गेलं. मग त्याने गाणी लिहायला घेतली आणि उरलेल्या सपाट, खालच्या आवाजात गायला लागला. १९४१ साली त्याचं गाणं देशभर गाजलं. बारमधल्या ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकून गाणी लावायच्या यंत्रावर, आपलं गाणं लागलं की प्रत्येक पुरुषाला वाटतं 'याच्यापेक्षा मी बरा गातो', असं तो स्वतःच सांगायचा. त्याच्या बोलण्यात मला एक महत्त्वाची गोष्ट दिसते: या संगीतात श्रोता गायकाकडे मान वर करून बघत नाही. शेजारी बसलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतो.

जॉनी कॅशला लहानपणी त्याच्या आईने धुणं धुऊन जमवलेल्या पैशांतून गाण्याच्या शिक्षिकेकडे पाठवलं होतं. तिसऱ्या वेळी शिक्षिकेने त्याला त्याच्या आवडीचं गाणं म्हणायला सांगितलं. त्याने हँक विल्यम्सचं म्हटलं. तिने शिकवणी तिथेच थांबवली आणि बजावलं की यापुढे कुणाकडे शिकू नकोस, तुझं गाणं कुणालाही बदलू देऊ नकोस. ही आठवण कॅशने आत्मचरित्रात लिहिली आहे. मला त्या बाईंचं फार कौतुक वाटतं. शिकवण्यापेक्षा न शिकवण्याची जागा ओळखणं अवघड असतं.

कॅशचा पल्ला छोटा होता. पण १९५६ मधलं त्याचं 'आय वॉक द लाइन' ऐका. दर कडव्याआधी तो हुंकार देतो. ते नुसतं वातावरण नाही. गाण्याची पट्टी कडव्याकडव्याला बदलते आणि नव्या पट्टीचा सूर पकडायला तो आधी गुणगुणून घेतो. आपल्याकडे मैफलीत गायक पेटीवाल्याला पट्टी बदलून दे म्हणतो, तसं हा स्वतःच स्वतःला सूर देतो, आणि तेही तबकडीवर, सगळ्यांसमोर. शेवटी पहिलंच कडवं परत येतं, पण एक सप्तक खाली. त्या खर्जात पोचल्यावर आवाज जवळजवळ जमिनीला टेकतो. गळ्याला मर्यादा आहे हे माहीत असलेल्या माणसाने त्या मर्यादेच्या कडेनेच गाणं बेतलं. सोबत ड्रम नव्हता, म्हणून गिटारच्या तारांत कागद अडकवून खरखर ठेका काढला, तेही त्याच वृत्तीतून.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅशने सॅन क्वेंटिन तुरुंगात नववर्षाच्या दिवशी कार्यक्रम केला. आदल्या रात्री त्याचा आवाज बसला होता. आता याचं काही खरं नाही, असं श्रोत्यांतल्या एका तरुण कैद्याला वाटलं होतं, पण कॅशने तुरुंग जिंकला. तो कैदी होता मर्ल हॅगर्ड. पुढे तो स्वतः कंट्रीतला एक श्रेष्ठ गायक झाला, आणि त्याचा गळा कॅशपेक्षा कितीतरी तयार होता.

सुराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत. कानाला 'कणसूर' वाटणारी प्रत्येक जागा चुकलेली नसते. ब्लूजमधून आलेल्या गाण्यात गंधाराची एक खास जागा असते, कोमल आणि शुद्ध यांच्या मधली. पियानोवर ती वाजवता येत नाही, कारण तिथे पट्टीच नाही. श्रुतींची सवय असलेल्या आपल्या कानाला ही गोष्ट पटकन कळावी. आता १९९७ साली आलेल्या ऑटोट्यूनचा विचार करा. अँडी हिल्डेब्रँड या इंजिनिअरने ते बनवलं. त्याआधी तो तेलशोधासाठी जमिनीतून परतणाऱ्या ध्वनिलहरींच्या विश्लेषणाचं काम करत होता. हे सॉफ्टवेअर सुटलेला सूर जवळच्या 'बरोबर' सुरावर नेऊन बसवतं. म्हणजे बेफिकीरपणे लावलं, तर मधला गंधार कोमलवर तरी ढकलला जातो किंवा शुद्धवर तरी. खालून मींड घेत सुरावर येणं, ओळीच्या शेवटी सूर किंचित पडू देणं, हे सगळं त्याच्या लेखी चूक. नॅशव्हिलमध्येही ते सर्रास वापरलं गेलं, आणि त्या काळातल्या कित्येक गाण्यांचे आवाज मला इस्त्री केल्यासारखे वाटतात ते यामुळेच.

पण मोठा गळा या संगीतात वाया जातो असंही नाही. पॅट्सी क्लाइनचा गळा कुठल्याही रंगमंचावर शोभला असता. १९६१ च्या जूनमध्ये मोटार अपघातात तिला जबर दुखापत झाली. ऑगस्टमध्ये विली नेल्सनने लिहिलेल्या 'क्रेझी'चं ध्वनिमुद्रण होतं. बरगड्या दुखत होत्या, वरच्या सुरांना दम पुरेना. निर्माता ओवेन ब्रॅडलीने वादकांचं काम मुद्रित करून घेतलं आणि तिला घरी पाठवलं. काही आठवड्यांनी ती परत आली आणि एकाच टेकमध्ये गाऊन गेली. इथे तंत्र थेट शरीराशी बांधलेलं दिसतं. बरगडी सांधेपर्यंत ते गाणं तिच्याकडे नव्हतंच.

या गाण्याच्या मागे आणखी एक गोष्ट आहे. विली नेल्सनच्या स्वतःच्या गाण्यात शब्द ठेक्याच्या मागे रेंगाळतात, मध्येच घाईने पुढे येतात, आणि सम कुठे आहे हे मात्र तो कधीच विसरत नाही. पॅट्सीला ते तसं गाणं जमेना, म्हणून तिने आपल्या पद्धतीने ते बांधलं. आवाज म्हणून पाहिलं तर विलीचा आवाज पातळ, थोडा किनरा. पण लयीशी खेळण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे. आपल्याकडे लयकारीचं कौतुक तबल्याच्या संदर्भात होतं. बोलण्यासारखी ओळ मागे-पुढे टाकून अर्थ बदलणं, हीसुद्धा लयकारीच. 'मी ठीक आहे' हे तीन शब्द पटकन म्हटले तर एक अर्थ होतो आणि 'ठीक'च्या आधी अर्धी मात्रा थांबलात तर दुसराच. विली त्या अर्ध्या मात्रेवर जगतो.

जॉर्ज जोन्सबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. कंट्रीतला सगळ्यांत तयार गळा कुणाचा असं विचारलं तर बहुतेक गायक याचंच नाव घेतील. दात जवळजवळ मिटलेले, आणि आतल्या आत एकाच स्वरावरून चार सुरांची नाजूक मुरकी. १९८० साली आलेलं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' हे त्याचं सगळ्यांत गाजलेलं गाणं. ते तीन मिनिटांचं गाणं पुरं व्हायला सुमारे अठरा महिने लागले, असं निर्माता बिली शेरिल सांगायचा. गाण्यात मध्येच काही ओळी नुसत्या बोलायच्या आहेत. जोन्स त्या काळात दारूत बुडालेला होता. प्यायलेला असतानाही तो गाऊ शकायचा, आयुष्यभर गातच आला होता. पण प्यायल्यावर बोलताना त्याची जीभ अडखळायची. गाणं तयार, आणि अडून राहिलं ते चार बोललेल्या ओळींसाठी! गळ्याच्या तयारीने जे झाकलं जात होतं, ते साध्या बोलण्यात उघडं पडलं.

बॉब डिलनचं नाव या वादात हमखास येतं. १९६१ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याची पहिली मोठी स्तुती छापून आली, तिच्यातही त्याचा आवाज सुंदर अजिबात नाही असं म्हटलं होतं. त्याला गाता येत नाही असं मानणाऱ्यांनी त्याने १९६९ साली नॅशव्हिलमध्ये केलेला अल्बम ऐकावा. तिथे त्याचा आवाज इतका गोल आणि मऊ लागलाय की हा तोच का, असा प्रश्न पडतो. खरखर असलेला आवाजही त्याने वेळोवेळी निवडलेला होता.

एवढं सगळं सांगून झाल्यावर उलट बाजूही सांगायला हवी. खरखर म्हणजे खरेपणा, असं मानून गाणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं ऐकवत नाही. माझ्या मते या संगीतात सुराला थोडी सूट आहे, पल्ल्याला भरपूर सूट आहे, आवाजाच्या पोताला तर पूर्ण सूट आहे. लयीला आणि शब्दाला मात्र सूट नाही. या यादीतल्या सगळ्यांना एका रांगेत ठेवून ऐका: सारा कार्टर, टब, कॅश, नेल्सन, डिलन. एकाचाही शब्द गिळला जात नाही, एकाचीही लय डळमळत नाही. ज्यांना 'गाता येत नाही' असं म्हटलं जातं, तेही या दोन गोष्टींत पक्के असतात.

जॉन प्राइन शिकागोजवळच्या मेवूडमध्ये पोस्टमन होता. टपाल वाटता वाटता त्याने गाणी रचली आणि १९७१ साली त्याचा पहिला अल्बम आला. आवाज तेव्हाही साधाच, थोडा नाकातला. १९९८ साली त्याच्या मानेला कॅन्सर झाला. शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झालं आणि आवाज खाली उतरला, खडबडीत झाला. जुनी गाणी जुन्या पट्टीत गाता येईनात. मग त्याने पट्ट्या उतरवल्या. आणि तिथे त्याला काहीतरी नवं सापडलं: खालच्या पट्टीत तीच गाणी आपल्यालाच नवी वाटायला लागली, हा नवा आवाज आपल्याला जास्त आवडतो, असं तो सांगायचा. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडने जाईपर्यंत तो त्या आवाजात गात राहिला.

त्याचं विशीतलं एखादं गाणं आणि तेच गाणं शस्त्रक्रियेनंतरचं, असं लागोपाठ लावून पाहा. म्हाताऱ्या माणसांच्या एकटेपणावर त्याने पहिल्याच अल्बममध्ये एक गाणं केलं होतं. तरुण प्राइन ते म्हाताऱ्यांबद्दल गातो. उतरलेल्या पट्टीत ओळी थोड्या जास्त सुट्या झाल्यात, श्वास जास्त ठिकाणी घेतलाय, आणि श्वासाच्या त्या जागा त्याने शब्द तुटणार नाहीत अशा शोधून ठेवल्यात.